बसलेला गडी बोलत नाही

पुसद, रविवार, १२ नोव्हेंबर १९६१

ही वही मी मराठीत लिहून राह्यलो, कारण उर्दूत लिहिली त माही बायको आयशाबी वाचते, आन् वाचली का दोन दिवस घरात भांडे आपटते. मराठी सातवी पास हाय मी. शिंपी असलो म्हणून काय झालं?

आज दुकानात पुन्हा तेच. दिवाळीचं काम सरलं, मशीन थंडी पडली, म्हणून गावातले सारे रिकामटेकडे माह्या बाकड्यावर. बोलणं एकच: आपल्या नवजवान मंडळाचा चढाईचा पहिला गडी, तांड्यावरचा उत्तमसिंग. कापसाच्या बाजारातला रामराव मापारी त त्याचं नाव घेताना पानाचा तोबरा थुकून तोंड साफ करते. म्हणे, "अय्यूबभाई, असा कबड्डीचा गडी पाच तालुक्यात नाही. दिग्रसच्या सात जणात घुसला, तिघाले हात लावून हासत हासत वापस आला!"

म्या म्हटलं, "दिग्रसवाले दिवाळीच्या करंज्या खाऊन सुस्तावले होते. त्याहिले माही बुढी अम्मा बी बाद करते."

"आन् उमरखेडच्या खेपेले?"

"उमरखेडच्या खेपेले भीमसिंगनं मागून चार पकडी केल्या, त्या कोणी मोजल्या? भीमसिंग काढून घे, मंग पाहू तुमचा उत्तमसिंग. त्याले डावीकडूनच जाता येते. उजवीकडून गेलेला दाखव मले एकदा."

रामराव हासला. "तुह्या पोटात दुखते बापा," म्हणे. सारे हासले. दुखते, दुखते! दुखन नाही त काय? दोन वर्षांआधी या मंडळाचा पहिला गडी माहा लहान भाऊ मन्सूर होता. एका सामन्यात शेवटच्या चढाईले त्याचा दम तुटला, बस, दुसऱ्या दिवशी हा तांड्याचा पोट्टा त्याच्या जागी उभा. मन्सूर त्याच हप्त्यात गाव सोडून गेला. चिठ्ठी नाही, सांगावा नाही. अम्मा दारात बसून राहते.

लोक म्हणतेत, घरात काही झालं असंल. घरात काही झालं नाही. सामन्याच्या दिवशी मी दोन शब्द बोललो, मोठा भाऊ बोलतेच. "बापाचं नाव बुडवलं, आता तोंड दाखवू नको," एवढंच. एक थापड मारली असंल. पण त्याची जागा उत्तमसिंगनं घेतली, म्या नाही. त्या माणसाले या गावाच्या नजरेतून उतरवल्याबिगर मी राहणार नाही. आज लिहून ठेवतो.


सोमवार, २० नोव्हेंबर

उत्तमसिंग आज मापासाठी आला. मंडळाच्या नव्या चड्ड्या माह्याकडेच शिवायले हायेत. उंच, काळा, दातं पांढरे. "रामराम अय्यूबभाई. अम्मा बरी हाय ना?" जसा काही माहा सोयरा! म्या फित ओढून मांडीचं माप घेतलं आन् वहीत दीड इंच कमी लिहिलं. मुद्दाम.


शनिवार, २५ नोव्हेंबर

चड्डी फाटली. सरावात, साऱ्या मैदानासमोर, पहिल्याच उडीले चर्रकन. मी तिथंच होतो, पाहायलेच गेलतो. पोरं खिंकाळले.

त हा बावा काय करते? डोक्याचा रुमाल सोडला, कमरेले गुंडाळला, आन् तसाच पुढे जाऊन चौघाले बाद करून आला! उजवीकडून. आता रामराव साऱ्या बाजारात सांगत फिरून राह्यला का उत्तमसिंगले चड्डी बी लागत नाही. मले पाहून म्हणे, "काहून अय्यूबभाई, उजवीकडून पाह्यचं होतं ना?"

करायले गेलो गणपती आन् झाला मारुती, असं गावचे बामण म्हणतेत ते हेच. चड्डी दुरुस्तीले आली. शिवून देल्ली. आयशाबी म्हणे, तुमच्या हातचं शिवण आजवर कधी उसवलं नव्हतं. म्या दिवा जवळ ओढला.


रविवार, ३ डिसेंबर

उत्तमसिंगची माय मानीबाई बाजारले डिंक घेऊन येते आन् परत जाताना आमच्या ओसरीवर टेकते. आज बी आली. अम्मा आन् ती तासभर कुजबुजत होत्या. मी गेलो त गप. म्हाताऱ्या बायांचं काय असते बोलायचं! म्या अम्माले सांगतलं, त्या घरची बाई आपल्या ओसरीवर कायले? अम्मा म्हणाली, "ओसरी माही हाय, बेटा."

जेवताना अम्मा मधातच म्हणाली, "अकोल्याले थंडी लय पडली असंल." म्या म्हटलं, अकोल्याचं काय आलं आता? म्हणे, असंच. म्हातारपणी डोकं कुठं कुठं जाते. पण आज दोन भाकरी खाल्ल्या तिनं, ते बरं झालं.


रविवार, १७ डिसेंबर

आज एक गोष्ट हाती लागली. सावकाश लिहितो.

रामराव मागे लागला, तांड्यावर त्याहिचा आपसातला खेळ हाय, चल पाहू. म्या म्हटलं चला, घरच्या अंगणात माणसाची खोट कळते. सायकलीवर डबल सीट गेलो. अर्ध्या रस्त्यात चढ लागला त रामराव उतरायले तयार नाही, मापारी माणूस, स्वतःचं वजन मात्र कधी केलं नाही.

आता खेळ दोन तऱ्हेचे. आपण मंडळात खेळतो ते संजीवनी. गडी बाद झाला का बाहेर रांगेत बसते. आपल्या बाजूनं समोरचा एक मारला का रांगेतला पहिला उठून परत आत जाते. जो आधी बसला तो आधी उठते. तांड्यावर खेळतेत ते गामिनी. तिथं बाद झाला का बसला, सातही संपेपर्यंत उठणं नाही. तासभर बी बसते माणूस.

आज उत्तमसिंग पहिल्याच चढाईत बाद ठरला. बाद कायचा? रेघेच्या आत होता त्याचा पाय, मले बी दिसलं. पंच चुकला. पण हा चुपचाप जाऊन खाली मान घालून मातीत बसला. याची बाजू हरत गेली, याच्या डोळ्यासमोर पोरं मूर्खावाणी पकडले जाऊन राह्यले, हा एक शब्द बोलला नाही. मधात एक पोरगा बसल्या जागेवरून "डावीकडे पाय!" म्हणून ओरडला, त खेळ थांबवून साऱ्यानं त्याले झापला आन् त्याच्याकडून गूळ दंड घेतला, तो वाटून खाल्ला. मले बी देल्ला एक खडा.

म्या तांड्याचे नायक, देवसिंग बुढे, त्याहिले इचारलं, "नायक, पंच चुकला त उत्तमसिंग काहून बोलत नाही?"

बुढे म्हणाले, "बसलेला गडी बोलत नाही. इथं बाद झाला म्हणजे मेला. मेलेला माणूस बोलते का?"

"मंग तिकडे पुसदच्या खेळात बी असाच बसते का?"

"लहानपणापासून अंगात मुरलेलं, ते मैदान बदललं म्हणून जाते का रे बापा?"

येताना रामराव सायकलीवर मागे बसून उत्तमसिंगच्या सबुरीचं कौतुक करत होता. मी पायडल मारत होतो आन् मनात एकच चालू होतं. याले बसवता येते.


मंगळवार, २ जानेवारी १९६२

मंडळाची सभा. गणतंत्र दिवसाले आपल्याच मैदानावर मोठे सामने हायेत, ढाणकीचा संघ येणार, साऱ्यात तगडा. सेक्रेटरी किसनरावनं कामं वाटले. बाहेर बसलेल्या गड्यांची रांग ज्यानं त्यानं आपल्या संघाची सांभाळायची, अशी आपल्याकडची रीत. आपल्याच गड्याले कोण अडवून ठेवन? म्हणून पंच तिकडे पाहत बी नाहीत. किसनरावनं इचारलं, आपली रांग कोण सांभाळते? कोणाले नको असते ते काम, खेळ नीट दिसत नाही तिथून.

म्या हात वर केला.

किसनराव खुश. "अय्यूबभाई, तुम्ही उत्तमसिंगले नावं ठेवता पण मंडळासाठी उभे राहता!"

मंग बारा जणांची यादी झाली. उत्तमसिंग म्हणे, अकरा लिहा, बारावं नाव कोरं ठेवा, माहा एक माणूस हाय, त्या दिवशी सांगतो. किसनराव लगेच हो म्हणे. माहा एक माणूस! तांड्यावरचा चुलतभाऊ लालसिंग असंल, दुसरं कोण? माह्या भावाची जागा घेतली ते पुरलं नाही, आता घरचे भरून राह्यला. आन् सारे माना डोलवतेत.


शनिवार, २० जानेवारी

खरं लिहितो, इथं नाही लिहिलं त कुठं लिहू. आज सरावात पाह्यलं त्याले. समोरच्यानं पाय धरला, तिघं अंगावर पडले, हा जमिनीवर सरपटत सरपटत दम न तोडता रेघेले बोट लावून आला. मन्सूरले हे कधी जमलं नसतं. माह्या तोंडातून "वा!" निघून गेलं. रामराव बाजूले होता, त्यानं ऐकलं. मी खोकलो.

गडी चांगला हाय. हाय त हाय. चांगला हाय म्हणूनच त माहा भाऊ गेला. वाईट असता त मले कायले झोंबलं असतं?


बुधवार, २४ जानेवारी

गणतंत्र दिवसाचे सामने आजपासून लागले, पहिल्यातच उमरखेडले हरवलं. एकट्या उत्तमसिंगनं अकरा गुण घेतले, लोकानं खांद्यावर घेऊन बाजारातून मिरवला. माह्या दुकानासमोर थांबले मुद्दाम. रामराव वरून ओरडला, "अय्यूबभाई, आता तरी म्हण!" म्या शटर अर्धं ओढलं. आज रांगेत म्या सारं बरोबर केलं. आजचा दिवस नव्हता तो.

घरी आलो त अम्मानं मन्सूरची गादी उन्हात घातली होती. म्हटलं, ही कायले? म्हणे, कापसाले ऊन लागलं का बरं असते. आयशाबीले शेवया करायले सांगतल्या, ईद कुठं आन् शेवया कुठं! मले म्हणाली, "परवाच्या सामन्यात नीट काम कर, अय्यूब. उत्तमसिंग जिंकला पाहिजे." माही सगी माय! माह्या घरात बी शिरला तो.

आता मले काही शंका नाही.


शुक्रवार, २६ जानेवारी

झालं.

जुम्म्याची नमाज पढून सरळ मैदानावर गेलो. पाच-सहा हजार माणूस. झाडावर पोट्टे, गाड्यांवर बाया. बारावं नाव अजून कोरंच. उत्तमसिंग किसनरावले म्हणे, "सामना जिंकल्यावर सांगतो, त्याचीच तशी अट हाय." म्या मनात म्हटलं, सांग, सांग.

पहिला डाव आपला. सहा गुणांनी पुढे. ढाणकीवाले डोकं धरून बसले होते. दुसरा डाव सुरू झाला आन् पाचव्या मिनटाले उत्तमसिंगचा घोटा त्याहिच्या हाती लागला. सहा जण पडले अंगावर. बाद. तो आला, माह्यासमोर रांगेत बसला. त्याच्या आधी रामधन बसला होता, मागून बाबूसिंग येऊन बसला.

आपल्या भीमसिंगनं एक पकड केली. रामधन उठला, त्याचीच पाळी होती. बरोबर. मंग अजून एक गुण आला. आता पाळी उत्तमसिंगची. सारं मैदान ओरडत होतं, कोणाचं ध्यान नाही. म्या बाबूसिंगच्या खांद्यावर थापड मारली, "जा!" तो घडीभर थबकला. म्या पुन्हा म्हटलं, "जा ना बे!" गेला.

उत्तमसिंगनं मान वर केली. एकदा माह्याकडे पाह्यलं. मंग मान खाली घातली.

बोलला असता त? एक शब्द बोलला असता त म्या म्हटलं असतं, चुकलं, जा बापा. खरंच म्हटलं असतं. पण नाही बोलला. म्हणून दुसऱ्यांदा केलं. त्याच्या मागून बसलेल्याले उठवलं. तिसऱ्यांदा बी केलं. आतून एवढं गोड वाटत होतं का सांगता येत नाही. मोठा आला चढाईचा राजा! बस म्हटलं, बस. माहा भाऊ दोन वर्षं बाहेर बसला, तू नऊ मिनटं बस.

नऊ मिनटं. आपले बाकीचे पोरं वाघासमोरच्या बकऱ्या. सातही बाद झाले, लोण चढलं, ढाणकीले वरून दोन गुण अजून. लोण चढलं का सारेच परत आत जातेत, तवा उत्तमसिंग उठला. चार मिनटं राह्यले होते. त्या चार मिनटांत त्यानं एकट्यानं सहा गुण आणले. असा खेळ म्या जन्मात पाह्यला नाही, आन् पाहणार नाही. एका गुणानं हरलो.

लोक पिसाळले. किसनराव धावत माह्याकडे आला, "उत्तमसिंग एवढा वेळ बाहेर काहून? त्याच्यामागचे उठून गेले, तो काहून नाही गेला?"

हा सवाल येईन हे माह्या ध्यानातच नव्हतं. आन् तोंडातून निघालं, "म्या म्हटलं उठ. तो उठला नाही."

दहा माणसानं ऐकलं. दहाचे शंभर झाले. "ढाणकीवाल्यानं इकत घेतला!" कोणीतरी चप्पल फेकली. उत्तमसिंग उभा होता, घोट्यातून रगत निघून राह्यलं होतं, आन् तो माह्याकडे नाही, दूर चिंचेच्या झाडाकडे पाहत होता. तिकडे कोण होतं कोणास ठाऊक, नुसती गर्दी पांगत होती.


शनिवार, २७ जानेवारी

दुकान भरलेलं. बाकड्यावर जागा नाही. "अय्यूबभाई, तूच खरा होता बापा." "दोन वर्षांपासून सांगत होता, आम्हीच आंधळे." ज्या रामरावनं दोन वर्षं माहं डोकं खाल्लं, त्यानं आपल्या हातानं चहा आणून देल्ला. म्हणे, "तुही नजर पारखी."

आज बाजारात मानीबाईचा डिंक कोणी घेतला नाही. एका पोट्ट्यानं टोपली लाथाडली म्हणतेत. तेवढं मले नको होतं. पण चहा गोड लागला, खोटं कायले लिहू.

अम्मा भिंतीकडे तोंड करून निजली. मन्सूरची गादी गुंडाळून ठेवली. शेवया तशाच. आयशाबीले इचारलं काय झालं, त ती म्हणे, तुमच्याच मायले इचारा. अम्माले इचारलं, तिनं पांघरूण डोक्यावर ओढलं.


गुरुवार, १ फेब्रुवारी

भर दुपारी, दुकानात कोणी नसताना, उत्तमसिंग आला. मंडळाचे कपडे धुऊन, घडी घालून आणले होते. लंगडत होता. बाकड्यावर ठेवले आन् उभा राह्यला.

मले राहवलं नाही. म्या म्हटलं, "काहून रे, हरला ना शेवटी?"

तो म्हणाला, "अय्यूबभाई, तीनदा माही पाळी आलती."

"मंग बोलला काहून नाही?"

"बसलेलो होतो." जसं काही याच्यावर अजून बोलायचं कामच नाही. मंग म्हणाला, "मी आता बी बोलणार नव्हतो. गाव मले चोर म्हणते, म्हणू दे. पण अम्मानं तुम्हाले सांगतलं नसंल, म्हणून आलो. मन्सूर आलता त्या दिवशी."

म्या कैची खाली ठेवली.

सारं सांगतलं त्यानं, उभ्या उभ्या. मन्सूर अकोल्याले मोटारीच्या कारखान्यात हाय. दोन वर्षांपासून याले चिठ्ठ्या लिहिते. मराठी चिठ्ठी तांड्यावर येते, मानीबाई येऊन अम्माले सांगते. त्याले घरी यायचं होतं, पण मान खाली घालून नाही. म्हणे, भाईनं तोंड दाखवू नको म्हटलं, मंग जिंकलेल्या संघाचा गडी होऊनच दाखवीन. यानंच त्याले राजी केला. बारावं नाव मन्सूरचं होतं. कप घेऊन दोघं मिळून आमच्या दारी येणार होते, शेवया खायले.

"सकाळच्या मोटारीनं आला. चिंचेखाली बसला होता. तुम्ही बाबूसिंगले उठवलं तवाच तो उभा राह्यला. तो खेळलेला गडी, अय्यूबभाई, त्याले रांग मोजता येते. दुसऱ्यांदा त्यानं पाह्यलं का उठवणारे तुम्ही हा. तिसऱ्यांदा मोजायले तेवढा थांबला. मी मोटारस्टँडवर गाठला त्याले."

म्या इचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, भाईनं मले हाकललं ते रागात हाकललं होतं, म्हणून मी दोन वर्षं वाट पाह्यली. आज भाई रागात नव्हता. मोजून मोजून करत होता."

उत्तमसिंग गेला. रस्त्यावरच्या पोरानं शिट्ट्या मारल्या. दुकान उघडं टाकून मी आत कापडाच्या थप्पीवर बसलो. ज्याच्यासाठी केलं म्हणत होतो त्यानंच पाह्यलं. या अल्ला, सहा हजार माणसात एकट्यानं पाह्यलं आन् तो माहा मन्सूर.


शनिवार, ३ फेब्रुवारी

मंडळाची सभा आज माह्याच दुकानासमोर भरली, उत्तमसिंगले काढायले. म्या ठरवून आलतो. उभा राह्यलो, साऱ्यासमोर म्हटलं, "उत्तमसिंगचा काही गुन्हा नाही. त्याची पाळी आलती, म्या उठवलं नाही. मुद्दाम नाही उठवलं. तीनदा. मी खोटं बोललो."

रामराव उठला, त्याचे डोळे भरले होते. "पाह्यलं? याले म्हणतेत मोठं मन! परवा तो याच्या दुकानात आलता, पोरानं पाह्यलं. पाय धरले असतीन, रडला असंल. आन् हा देवमाणूस त्याचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राह्यला."

म्या ओरडलो, "अबे खरं सांगून राह्यलो! कुराणावर हात ठेवून सांगतो!"

किसनरावनं माहा खांदा थोपटला. "अय्यूबभाई, तुम्ही त्याले दोन वर्षं बरोबर ओळखला, आता कायले पाघळता? आपल्याच संघाले कोणी आपल्या हातानं पाडते का? शेंबडं पोट्टं बी खरं मानणार नाही हे."

मी म्हटलं, बाबूसिंगले इचारा. बाबूसिंगनं खाली पाह्यलं. म्हणे, "गडबड होती, मले याद नाही." त्याले याद हाय. पण उत्तमसिंग गेला त पहिल्या चढाईची जागा खाली होते, आन् ती त्याले पाहिजे. माह्यासारखे डोके गावात अजून हायेत म्हणायचे.

ठराव झाला. उत्तमसिंग तीन वर्षं बाहेर. आन् पुढच्या सालापासून गड्यांची निवड मी करावी, माही नजर पारखी हाय म्हणून. टाळ्या वाजवल्या.


रविवार, ४ फेब्रुवारी

काल रात्रीच अम्माले सारं सांगतलं. तिनं ऐकून घेतलं. तिनं मात्र लगेच खरं मानलं, "खरं असंल" म्हणाली. मंग आयशाबीले हाक मारून आपले कपडे बांधायले लावले. परवा-तेरवा चांद दिसन, रोजे सुरू होतीन. "यंदाचे रोजे मन्सूरकडे धरते," म्हणाली. ईदले येशीन ना, म्या इचारलं. म्हणे, पाहू.

सकाळी अकोल्याच्या मोटारीवर बसवायले गेलो. मानीबाई आलती, भाकरी बांधून. माह्याकडे पाह्यलं नाही तिनं. स्टँडवरच्या हमालापासून तिकीटवाल्यापर्यंत सारे मले सलाम करून राह्यले होते, एकानं अम्माले खिडकीजवळची जागा देल्ली, अय्यूबभाईची माय म्हणून.

मोटार सुरू झाली. अम्मानं खिडकीतून तोंड काढलं. "मन्सूरले काय सांगू?"

म्या म्हटलं, "सांग, भाई म्हणते, उत्तमसिंगसारखा गडी पाच तालुक्यात नाही. म्या साऱ्या गावासमोर म्हटलं."

"ते त्याले माहीत हाय," अम्मा म्हणाली. "तुह्याबद्दल काय सांगू?"

कंडक्टरनं घंटी वाजवली. मी मोटारीसंगं वळणापर्यंत गेलो आन् तिथून वापस फिरलो.